दौंडच्या क्वार्टरमधला कॉम्प्युटर

लग्नानंतर वडगाव रासाईहून निघाले, तेव्हा माझे वडील, आबा, एसटीच्या खिडकीशी आले. नदीकाठच्या दुसऱ्यांच्या मळ्यांत राबून त्यांनी मला बारावीपर्यंत शिकवलं होतं. "गाव सुटलं तरी शिकणं सोडू नगं," एवढंच म्हणाले आणि गाडी हलायच्या आधी पाठमोरे झाले.

नव्वदचं दशक संपत आलं होतं. दौंडच्या रेल्वे कॉलनीत मला करमेना. यार्डात डब्यांचं शंटिंग सुरू झालं की मांडणीवरची भांडी थरथरायची. माझे मिस्टर शेडमध्ये फिटर. मी शिरूरला टायपिंग शिकलेय हे त्यांना ठाऊक होतं. पुण्यातलं एक ऑफिस बंद पडलं, तिथला जुना कॉम्प्युटर त्यांनी आणला. कॅबिनेटला झाकण नव्हतं, मॉनिटर काळापांढरा. नवा घेणं आवाक्यातलं नव्हतंच, म्हणून जमेल तसा एकेक पार्ट बदलत गेलो. आधी मोठी हार्डडिस्क, मग वापरलेला प्रिंटर. रंगीत मॉनिटर तर मी पुणे-दौंड शटलमध्ये मांडीवर घेऊन आणला. शेजारी बसलेली बाई म्हणाली, "टीव्ही घेतला व्हय?"

बाजूच्या क्वार्टरमध्ये कमलअक्का भावाकडे राहायच्या. नवरा वारल्यावर केंदूरच्या दिरांनी त्यांना घराबाहेर काढलं होतं. जमिनीतला वाटा मागायचा, तर वकिलांनी सगळी हकीकत लिहून मागितली. अक्कांना लिहिता येत नव्हतं. रोज दुपारी त्या सांगायच्या, मी टाइप करायचे. मध्येच डोळे पुसायच्या. "ह्ये नगं लिहू. फुडचं लिही."

वकिलांकडे जायच्या आदल्या दिवशी मिस्टरांनी मेमरी वाढवायला रॅमची जास्तीची पट्टी बसवली आणि ते ड्यूटीवर गेले. मी बटण दाबलं, तर पडदा काळाच. नुसतं पीं-पीं. अक्कांच्या हकीकतीची दुसरी प्रत कुठंच नव्हती.

अक्का दारात उभ्या होत्या. "माझं बोलणं कुठं गेलं गं?"

तोवर मी त्या डब्यात कधी हात घातला नव्हता. एसटीडी बूथवरून आम्हाला पार्ट देणाऱ्या पुण्याच्या मेकॅनिकला फोन लावला. "रॅम नीट बसली नसेल, ताई. काढा, खोडरबरनं पट्टी पुसा, टक् आवाज येईपर्यंत दाबा."

घरी येऊन प्लग काढला. पट्टी पुसून दाबली, पण दोनदा निसटली. तिसऱ्यांदा टक् झालं. प्लग लावून बटण दाबलं, तसा पडदा उजळला. अक्कांनी पदरानं माझं तोंड पुसलं. संध्याकाळपर्यंत सगळी पानं छापून झाली.

वाटा मिळायला वर्षं गेली, पण मिळाला. अक्का केंदूरला परतल्या. पुढचे सगळे पार्ट मीच बसवले. कॉलनीत कुणाचा कॉम्प्युटर अडला की म्हणायचे, "वहिनींना बोलवा."

मध्यंतरी माहेरी गेले होते. आबांनी विचारलं, "घरी कवा जाणार?"

मी सहज म्हणाले, "उद्या."

बोलून गेल्यावर ध्यानात आलं. ज्या घरात बसून बोलत होतो, त्याला आम्हा दोघांपैकी कुणीच घर म्हटलं नव्हतं. आबा उठले आणि माझ्या पिशवीत शेंगा भरू लागले.