किकचा दांडा

चकचक मावशीच्या हाती लागलेलं लोखंड उजळतं आणि तोंडी लागलेला माणूस काळवंडतो, असं गल्लीत म्हणायचे. खोटं नव्हतं ते. राग कायम नाकावर बसलेला. एकदा एक गिऱ्हाईक म्हणालं, "घरी बसून तर घासता, त्यात काय एवढं?" मावशीने त्याचाच सायलेन्सर उचलून त्याच्या अंगावर भिरकावला. खांदा धरून पळालं बिचारं. आठवड्याभराने तेच गिऱ्हाईक तोच सायलेन्सर घेऊन निमूट दारात उभं. करणार काय? जुन्या मोटारसायकलींच्या भागांवर असा हात गावात दुसऱ्या कुणाचा नव्हता.

हे सगळं चालायचं स्वयंपाकघरामागच्या खोलीत. मेकॅनिक नवरा जाताना दोन गोष्टी ठेवून गेला होता, एक लेक आणि एक चाक. पाण्याच्या जुन्या पंपाची मोटर त्याने टेबलाला बोल्टने आवळली होती आणि तिच्या दांड्यावर शिवलेल्या कापडाचं ताटाएवढं चाक बसवलं होतं. आधी भाग रॉकेलच्या घमेल्यात भिजवायचा, खाचाखोचा दातांच्या ब्रशने काढायच्या, मग जाड पॉलिश पेपर, मग बारीक, आणि शेवटी चाकाला पॉलिशचा साबण लावून त्यावर धरायचा. चाकाला मायादया नाही. एकदा त्याने ब्रेकचा दांडा मावशीच्या हातातून हिसकावून पत्र्याच्या दाराच्या आरपार घातला होता. जाता जाता तो तिची हनुवटी फोडून गेला, तो व्रण अजून होता. तेव्हापासून खोलीचा नियम असा की केस घट्ट बांधायचे, बाह्यांची बटणं लावायची आणि चाकाजवळ सैल काही आणायचं नाही. ती नवऱ्याचा जुना शर्ट गळ्यापर्यंत बंद करूनच कामाला बसायची.

कुणाच्या बापाला न भिणारी ही बाई एका माणसापुढे मात्र लोण्यासारखी मऊ व्हायची. तो म्हणजे जावई. दिसायला देखणा, बोलायला साखर. लग्न झाल्यापासून एक जुनी मोटारसायकल खोलून बसला होता. ती काही जोडून होत नव्हती, पण तिचे भाग सासूकडे यायचे. "आई, तुमच्यासारखा हात कुणाचा नाही हो," म्हणायचा, की मावशी फुगलीच. त्यातला किकचा दांडा तर कितीदा आला होता! भरीव पोलादाचा, हातभर लांब, मुलामा केव्हाच उडालेला. "परत गंज धरला, आई." मावशी शेजारच्या टेलरना कौतुकाने सांगायची, "आमचे जावईबापू भारी हौशी. एक डाग खपत नाही त्यांना."

आणि लेक पडायची. कधी जिन्यावरून, कधी न्हाणीघरात. मावशी तिच्यावरच खेकसायची, "डोळे कुठं ठेवून चालतेस गं?" लेक हसून विषय बदलायची. या खेपेला हात प्लास्टरमध्ये होता आणि भुवईवर टाके.

त्यानंतर चारच दिवसांनी जावयाने पिशवी आणून ठेवली. इंजिनाचं झाकण, दोन नट आणि किकचा दांडा.

मावशीने दुपारी सगळं रॉकेलमध्ये टाकलं. ग्रीस सुटलं, काळं पाणी झालं. किकच्या दांड्याच्या टोकाला आत दाते असतात, त्या दात्यांत मात्र तपकिरी काहीतरी घट्ट बसलं होतं. गंज, म्हणून तिने सुईने टोकरलं. गंजाची भुकटी होते, ती नखाला खरखरीत लागते. याची पापडी निघाली. मावशी थांबली. ओल्या चिंधीने एक दाता पुसून बघितला, तर चिंधी लाल झाली. गंज काही नुसत्या पाण्याने असा सुटत नाही. तिने दांडा उजेडात धरला. दात्यांच्या मधोमध, त्या पापडीत चिकटलेला एक लांब केस होता.

तो केस तिने लेकीच्या लहानपणापासून विंचरला होता.

मावशीने दांडा खाली ठेवला, आणि मग तळपायाची आग अशी मस्तकात गेली की चपला न घालताच ती रस्त्याला लागली. जावई कामावर गेला होता. तिने लेकीचा चांगला हात धरला आणि तिला ओढतच घरी आणलं.

"पडले गं मी, आई," लेक वाटेत म्हणाली. घरी आल्यावरही तेच म्हणाली. मावशीने तिच्यापुढे दांडा ठेवला.

"नीट धुऊन आणतो एरवी," लेक हळूच म्हणाली. "या वेळी घाईत राहिलं असेल."

"एरवी? म्हणजे याआधीही?"

"दर वेळी हाच. मग म्हणतो, तुझ्या आईकडूनच चकचकीत करून आणतो, म्हणजे पुढच्या वेळी नवाकोरा."

मावशीचे हात स्वस्थ बसेनात, म्हणून तिने चाक चालू केलं आणि इंजिनाचं झाकण त्यावर धरलं. लेक दाराशी, प्लगजवळ स्टुलावर बसली.

ऊन उतरायच्या आत जावई आला. कामावरचे कपडे, बाह्या मोकळ्या.

"आई, हिला न्यायला आलोय. अशी न सांगता येते का कुणी? आणि माझे भाग झाले का?"

"भाग ने. लेक मिळणार नाही," मावशी म्हणाली. आजवर ती त्याला अहो-जाहो करत आली होती. तेवढ्यानेच तो चपापला. मग त्याला टेबलाच्या पलीकडे चिंधीवर ठेवलेला दांडा दिसला, आणि तोंडातली साखर एका क्षणात विरघळली.

"तो इकडे दे, म्हातारे."

"हात लावून बघ!"

त्याने तिचा गळा धरला आणि डोकं भिंतीवर आपटलं. मावशीच्या डोळ्यांपुढे काजवे चमकले, तरी हातातलं झाकण तिने सोडलं नव्हतं. तेच तिने त्याच्या कानावर हाणलं. कान फाटला, रक्त मानेवर उतरलं. शिव्या घालत त्याने तिला लाथेने बाजूला लोटलं आणि दांडा घ्यायला सरळ चाकावरून हात घातला.

चाकाने त्याची मोकळी बाही धरली.

आधी कापड गुंडाळलं, मग मनगट आत गेलं. वाळकी काटकी मोडावी तसा आवाज झाला आणि जावई गुरासारखा ओरडला. मोटर घुरघुरत ओढत राहिली. चाकाचं पांढरं कापड लाल झालं, भिंतीवर शिंतोडे उडाले. "बंद कर! आई, बंद करा हो!" आता पुन्हा अहो-जाहो!

मावशी भिंतीला टेकून उभी होती. हात लांबवला असता तर प्लग हाताशी होता. तिने लांबवला नाही. जाऊ दे, खांद्यापर्यंत जाऊ दे, असंच तिच्या मनात होतं, आणि त्याची तिला तिळमात्र लाज वाटली नाही.

प्लग ओढला तो लेकीने.

"कशाला गं? कशाला वाचवलंस मेल्याला?" मावशी किंचाळली.

"त्याला नाही वाचवलं," लेक म्हणाली. "तू तुरुंगात गेलीस तर मी कुणाकडे येऊ? तिथे त्याला जाऊ दे."

आरडाओरडा ऐकून टेलर धावत आले. त्यांनी कात्रीने बाही कापली आणि जावयाला गाडीत घालून दवाखान्यात नेलं. मायलेकी दांडा जुन्या शर्टात गुंडाळून पोलीस ठाण्यात गेल्या.

बाकड्यावर बसल्या बसल्या मावशीने गुंडाळी मांडीवर घेतली. डोकं ठणकत होतं. साहेब आत कुणाशी तरी बोलत होते. मावशीची नजर समोरच्या भिंतीवर, आणि अंगठा मात्र शर्टाच्या कापडावरून दांड्याच्या टोकावर फिरायला लागला होता, पुढे मागे, पुढे मागे, इतक्या वर्षांच्या सवयीने.

लेकीने आपला चांगला हात त्यावर ठेवला. "आई, पुसू नकोस."

मावशीने चटका बसल्यासारखा हात मागे घेतला. मग तिच्या तोंडून हुंदका फुटला. नवरा गेला तेव्हाही गल्लीने तिला असं रडताना पाहिलं नव्हतं. साहेबांनी हाक मारली, तेव्हा तिने बाहीने तोंड पुसलं, आत गेली आणि गुंडाळी टेबलावर सोडली.

"हे घ्या साहेब. हा मळकाच ठेवा," ती म्हणाली. "याआधी दर वेळी मीच पुसून दिलाय."