घोटे धरणारीला विचारा

एसटीने मोडनिंब सोडलं तेव्हा लक्षात आलं, की गुडघ्यांखाली घ्यायची गादी नाशिकलाच राहिली. यादीत होती, पुढे बरोबरची खूणही होती. पिशवीत मात्र नव्हती.

मी फिजिओथेरपिस्ट. खो-खोत बसल्या जागेवरून उठून एकदम वेगात सुटावं लागतं, त्यात मांडीमागचा स्नायू फाटतो. तो फाटू नये म्हणून एक व्यायाम कितपत उपयोगी पडतो, याचा अभ्यास आमच्या कॉलेजात चालू आहे. सोलापुरातल्या मुलींचा एक संघ त्यात आहे.

शुक्रवार पेठेत जिथे उतरले, त्या घरच्या मावशींनी शेंगांची चटणी, दही आणि कडक भाकरी (वाळवून कुरकुरीत केलेली ज्वारीची भाकरी) वाढली. गादीची अडचण ऐकून जाड सोलापुरी चादर काढली. "गुडघंच टेकायचं हायत की? घ्या ही. धुऊन द्या म्हंजे झालं."

ऊन उतरल्यावर मैदानावर गेले. व्यायाम सोपा दिसतो. गुडघ्यांवर उभं राहायचं, जोडीदारणीने मागून घोटे दाबून धरायचे आणि अंग ताठ ठेवून सावकाश पुढे झुकायचं.

"कुणाला दंडवत घालायलीस गं?" मागून कोणीतरी म्हणालं. सगळ्या हसल्या.

चादरीवर रूपाली होती. गेल्या हंगामात तिच्या उजव्या पायाचा हाच स्नायू फाटला होता. दुसऱ्या दिवशी राज्य संघाची निवड होती. त्या संघातून खेळली तर पोलीस भरतीत खेळाडूंच्या जागेसाठी अर्ज करता येईल, हा तिचा हिशेब. घोटे धरले होते सविताने. रूपाली संघाबाहेर बसली तर तिची जागा सवितालाच मिळणार होती.

सविता अडखळत म्हणाली, "मॅडम, डावा पाय हाताला रेटतोय. उजवा नुसता पडून हाय."

"तुला माजी जागा पायजे, म्हणून उजवा दिसतोय व्हय?"

सविताने हात काढले. "मग धर की तुजं तूच."

कोणी हसलं नाही. मी ताकद मोजायचं यंत्र लावलं. सविताचं खरं होतं.

"पण दुखत न्हाय की, मॅडम."

"दुखणं गेलंय. ताकद अजून यायचीय. या दोन्हींच्या मधेच पाय पुन्हा फाटतो."

"आन् भरती?"

आता फाटला तर अख्खा हंगाम जाईल, थांबलीस तर पुढच्या निवडीपर्यंत पाय तयार होऊ शकेल, एवढंच मी सांगितलं. खात्री दिली नाही. ती चपला घालून निघून गेली.

सकाळी मैदानावर रूपाली साध्या कपड्यांत कडेला बसली होती. प्रशिक्षकांना तिने स्वतःच सांगितलं होतं. सविता खेळली, चांगली खेळली. टाळ्या वाजल्या तेव्हा रूपाली खाली बघत होती.

सगळं आटोपल्यावर मी सामान आवरायला घेतलं, तर चादर जागेवर नव्हती. रूपालीने ती कडेला नेऊन अंथरली होती आणि गुडघ्यांवर उभी होती.

"सवे, ये. धर," ती म्हणाली. "आन् खोटं सांगू नगंस."

चादर तिथेच, मुलींकडे राहिली. मावशींना नवी घेऊन दिली, तर म्हणाल्या, "जुनी मऊ होती."

परतीच्या एसटीत पुढच्या खेपेची यादी केली. गादी आता दुसऱ्या क्रमांकावर आहे. पहिल्यावर लिहिलंय: घोटे धरणारीला विचारणे.