खाडीकाठचा खडक

काल एसटी स्टँडवर एक मुलगी, गाडी दिसेनाशी झाली तरी हात हलवत उभी होती. मला सतराव्या वर्षीची मे महिन्याची सुट्टी आठवली. मावशीच्या शेजारचा निखिल मला खाडीकाठच्या खडकावर घेऊन गेला होता. "इथे मी कुणालाच आणलेलं नाही," म्हणाला. वर्षभर मी त्या वाक्यावर जगले.

पुढच्या सुट्टीत न कळवताच गेले. खडकावर त्याच्याजवळ एक अनोळखी मुलगी होती आणि तो तिला तेच वाक्य, तितक्याच हळू आवाजात सांगत होता. प्रेम आटलं असतं तर रडले असते. पण ते वाक्य कधी माझं नव्हतंच. तिच्याशेजारी जाऊन बसले आणि म्हटलं, "मी गेल्या वर्षीची."