काळा म्हणजे किती काळा

सुकापूरला आमच्या समोरच्या खोलीत राहणाऱ्या चाचांनी माझी नोकरी वाचवली, हे आधीच सांगून टाकते; कारण कशी वाचवली ते मला अजून नीट सांगता येत नाही. रंगांच्या बाबतीत इतका संशयी माणूस अख्ख्या पनवेलमध्ये दुसरा नसेल. आखातात एका टीव्हीच्या दुकानात त्यांनी उमेदीची वर्षं काढली. भिंतभर टीव्ही, सगळ्यांवर एकच चित्र, आणि ते सगळीकडे सारखं दिसतंय ना हे बघायचं, एवढंच काम. तेव्हापासून त्यांना चित्र दिसतच नाही, नुसता रंग दिसतो. बातम्या संपल्यावर मी विचारायची, "चाचा, काय झालं आज?" तर म्हणायचे, "ते नाय माहीत बेटा. पण बाईचे केस बरोबर काळे होते." बाजारात एकेक पापलेट उजेडात इतका वेळ फिरवायचे, की कोळीण वैतागायची, "चाचा, मासा खायाचा हाय का त्याचा फोटो काढाचा हाय?"

मी परभणीकडची. आठवीत शाळा सुटली, मग लग्न. नवरा तळोज्याला कारखान्यात पाळीवर. मी पनवेलच्या एका फोटोच्या दुकानात लग्नाचे अल्बम जुळवायला शिकले. इंग्रजी येत नव्हतं. कुठलं बटण कुठे, एवढं पाठ. एक दिवस शेठनी नवा मॉनिटर आणला, आणि त्यावर सगळंच फिकट दिसायला लागलं. नवरदेवाचा काळा कोट राखेनं घासल्यासारखा. मला वाटलं फोटोच तसे आलेत. मी आपली इमानदारीनं एकेक फोटो गडद करत बसले.

अल्बम छापून गेला आणि चौथ्या दिवशी नवरदेवाच्या आईबरोबर परत आला. उरणची बाई. पान उघडून माझ्यापुढे धरलं. "बाय, माज्या पोराचे केस कुठं सपले न कोट कुठं चालू झाला, तू दाखव. मना कायच दिसत नाय!"

शेठ तिच्यासमोर गोड बोलले. ती गेल्यावर म्हणाले, "माझ्या खर्चानं परत छापतोय. हाही असाच आला, तर तू दुसरीकडे बघ."

घरी भाकऱ्या थापताना नवऱ्याला सगळं सांगत रडले. भिंती पातळ, चाचांना ऐकू गेलं. दुसऱ्या दिवशी भर उन्हाळ्यात ते इस्त्रीचा शर्ट घालून, छत्री घेऊन दुकानात हजर! काळी छत्री उघडून त्यांनी मॉनिटरशेजारी धरली.

"चाचा, दुकानात पाऊस आहे का?" शेठ म्हणाले.

"काळा बघतोय. या छत्रीवर माझा भरोसा आहे, तुमच्या मशीनवर नाय." मग वाकून मागची तार बघितली. "ही टीव्हीची तार. नवीन लावलीत?"

"मॉनिटरबरोबरच आली."

चाचांनी कम्प्युटरच्या पोटातली कुठलीशी यादी उघडली. तिथे दोन शब्द होते, फुल आणि लिमिटेड. लिमिटेडवरची खूण त्यांनी फुलवर नेली, आणि कोट एकदम छत्रीसारखा काळा झाला.

"या तारेमुळे कम्प्युटरला वाटलं समोर टीव्ही आहे. म्हणून काळा हात राखून पाठवत होता."

"मग फुलच चांगलं ना?" मी विचारलं.

"असं नाय. माझ्या घरच्या टीव्हीला लिमिटेडच पायजे."

"मग बरोबर कुठलं?"

"देणारा-घेणारा दोघांचं एक असलं, की तेच बरोबर. मी न् तुझी चाची दोघं अळणी खातो, म्हणून घर चाललंय."

मी मान हलवली. कळलं काहीच नाही. वहीत लिहून ठेवलं, 'खालून तिसरी ओळ, वरचा शब्द.' मग मूळ फोटो काढून सगळा अल्बम पहिल्यापासून जुळवला. तो छापून आला. ती बाई आली, पान डोळ्यांजवळ नेलं आणि हसली, "बटनं पन दिसतान गो!" शेठनी पुढच्या लग्नाचे फोटो माझ्यासमोर ठेवले.

चाचांनी कशाचाच मोबदला घेतला नाही. साधा चहासुद्धा नाही. म्हणे रंग पातळ आहे. आखात बघितलेला हा माणूस घाट चढून कधी वर गेलेला नाही. मी गावाकडच्या ज्वारीचं सांगते, तर विचारतात, "हिरवी म्हणजे कसली हिरवी?" मला सांगता येत नाही. म्हणून ठरवलंय, एका थंडीत चाचा-चाचींना परभणीला न्यायचं, बांधावर बसवायचं आणि गरम हुरडा हातावर ठेवायचा. आता त्यांना आमचा जिनाही जड जातो. "बघू बेटा," म्हणतात. गाडी करावी लागली तर करेन, पण नेईन.