पाहायला आलेला ओव्हरसियर

तालुक्याच्या बोर्डाने आजूबाजूच्या चार-पाच गावांचं मिळून एक पाणी-मंडळ करायचं काढलं, तेव्हा मी केनवडच्या बाजूच्या एका लहान गावात मास्तर होतो आणि माझ्या बायकोला आठवा महिना लागला होता. नदीकाठी एक मोठी विहीर, तिच्यावर इंजिन आणि तिथून प्रत्येक गावात टाकी, असा बेत होता. ज्या गावाला खरी निकड आहे त्यालाच मंडळात घ्यायचं, म्हणून आधी एक ओव्हरसियर पाहणी करून जाणार होता. गावात पाणी किती आणि कधीपर्यंत पुरतं, हे विचारणारा त्याचा छापील कागद मी भरून ठेवायचा होता.

निकड होतीच. होळी झाली की गावच्या विहिरीत घागर बुडायची नाही. मग बायका मैलभर लांब नदीवर जात, वाळूत खड्डा करून झिरा काढत आणि वाटीवाटीने घागर भरत. आमची हीही जायची. पहिलं बाळंतपण, पण तिला आई नव्हती, म्हणून माहेरी गेली नव्हती. नदीची उतरण सुट्या मुरमाची, पाय ठरायचा नाही. मी घराशेजारच्या शाळेत पाढे म्हणवून घेत असे, कान मात्र रस्त्याकडे. घरात घागर उतरवल्याचा आवाज आला की जीव भांड्यात पडायचा.

कागद मी खरा भरला होता. पाटलांनी तो माझ्याकडून वाचून घेतला आणि म्हणाले, "मास्तर, हे खोडा."

"का?"

"औंदा गावात नऊ पोट्टे लगनाचे हायेत. आपलं गाव कोरडं हाये अशी बोंब झाली, तं कोन देईन आपल्याले पोरगी? पानी हाये म्हना. चांगलं गाव पाहून तं बोर्डवाले अजून हौसेनं घेतीन."

मी म्हणालो, "पाटील, उलटं आहे. ज्याच्याकडे नाही त्यालाच मिळणार."

"असं कुठी असते काय? भिकाऱ्याशी कोनी सोयरीक करते?"

माणूस वाईट नव्हता. त्याला बोर्डही मुलगा पाहायला आलेल्या सोयऱ्यासारखाच वाटत होता, एवढंच. पण आम्ही राहत होतो ते घर त्याचं होतं, आणि आठव्या महिन्यातली बायको घेऊन मी जाणार कुठे? मी खोडलं. मुलांना शुद्धलेखनासाठी बडवणारा मी, इतक्या सुबक अक्षरात खोटं लिहिलं की आजही माझा मलाच राग येतो.

ओव्हरसियर यायच्या आधी तीन दिवस पाटलांनी विहिरीचा दोर काढून ठेवला. पाणी साचू द्यायचं, कोणी शिवायचं नाही. सगळं गाव नदीवर लोटलं. झिऱ्यांवर गर्दी झाली आणि हिच्या दिवसाच्या दोन खेपांना अर्धा दिवस जाऊ लागला. तिचे पाय सुजले होते. मी विचारलं की ती म्हणायची, "काई नाई होत," आणि मला जेवण जायचं नाही.

ओव्हरसियर सायकलीवरून आला. दोरीला दगड बांधून त्याने विहिरीत सोडला, ओली दोरी मोजली आणि माझ्याकडे वळला.

"मास्तर, तुम्ही इथे राहता. एवढं पाणी उन्हाळाभर असतं?"

माझ्या पाठीमागे सगळं गाव उभं होतं. ही तेव्हा नदीवर होती.

"असतं," मी म्हणालो.

तीन आठवड्यांनी बोर्डाचा कागद आला. चावडीत तो वाचायचं कामही माझ्यावरच आलं. गावात पाणी मुबलक असल्याने गावास मंडळात घेण्याचे कारण दिसत नाही, असं त्यात होतं.

"मुबलक म्हंजे?" पाटलांनी विचारलं.

"भरपूर."

त्यांनी कागद माझ्या हातून घेऊन उलटसुलट करून पाहिला.

मी घरी पोचायच्या आत बातमी पोचली होती. ही उंबऱ्यावर कमरेला हात लावून बसली होती.

"आवो, पानी भरपूर हाये असं त्याइले कोनं सांगतलं?"

पाटलांचं नाव घेता आलं असतं. ते खोटंही ठरलं नसतं.

"मी," म्हणालो.

ती चिडली असती तर बरं झालं असतं. तिने उठायला हात मागितला, मी दिला. डोक्यावर चुंबळ ठेवून ती घागर उचलायला वाकली, तेव्हा मी म्हणालो, "दे, आजपासून मी आणतो."

"लोक हासतीन तुमाले."

"हसू दे. मी कोणाला भीत नाही."

तिने डोक्यावरची चुंबळ नीट केली. "मंग त्या दिवशी कायले भेले?"

घागर तिने मला दिली नाही.

चौथ्या दिवशी आमची मुलगी नदीच्या वाळूतच झाली. बायकांनी लुगड्यांचा आडोसा धरला होता. दोघी वाचल्या, त्यात माझं काडीचंही श्रेय नाही. मी धावत उतरणीवर पोचलो तोवर बैलगाडी वर चढत होती. बाळ बायकोच्या कुशीत होतं आणि गाडी पाटील स्वतः हाकत होते. मी चाकाला हात लावून चालू लागलो. घर येईपर्यंत पाटलांनी आणि मी एकमेकांकडे पाहिलं नाही.