रातकिड्यांचं रीळ

हयवदनला लोक वेडा म्हणत नसत, कारण बेंगळूरच्या त्या ग्रामप्रचार कचेरीत ध्वनिमुद्रणाचं यंत्र त्याला एकट्यालाच कळत होतं. भाताच्या लागवडीवर, गुरांच्या रोगांवर साहेब लोकांची भाषणं टेपवर घ्यायची आणि गाडीबरोबर गावोगाव पाठवायची, ही त्याची नोकरी. भाषणात खोकला आला की ब्लेडने तेवढी टेप कापून टोकं चिकटवायची. अकरा वर्षांत त्याने इतके खोकले कापले होते, की समोरचा माणूस खाकरला तरी त्याची बोटं वळवळत.

बासष्ट साली जयनगरच्या पलीकडच्या माळावर तिन्हीसांजेला त्याने यंत्र चाचणीसाठी नेलं आणि रातकिडे मुद्रित झाले. गंमत म्हणून टेप निम्म्या वेगाने फिरवली, तर किरकिरीतून तंबोरा निघाला. आणखी सावकाश फिरवली, तर देवळातली घंटा लांबून यावी तसं काहीतरी. मग तीन वर्षं हा गृहस्थ कचेरी सुटल्यावर किडे कापत आणि चिकटवत बसला. बायको अनुसूया म्हणायची, "अहो, घरात ढेकूण आहेत, त्यांचंही गाणं करा की." पण नऊ मिनिटांची रचना पुरी झाली तेव्हा डबा घेऊन तीच कचेरीत आली, कानाला हेडफोन लावून शेवटपर्यंत बसली आणि नुसतं "सरी", म्हणजे ठीक, एवढंच म्हणाली. तिच्याकडून एवढं म्हणजे सुवर्णपदकच. आता हे एकदा तरी चार परक्या माणसांनी ऐकावं, एवढंच त्याला हवं होतं.

रिळाला कुणी हात लावू नये म्हणून त्याने डब्यावर मोठ्या अक्षरांत लिहिलं: "खराब". नवी टेप मिळत नसल्यामुळे खराब रिळं आधी वापरावीत, हा कचेरीतला नियम त्यानेच लावलेला होता. तो एवढंच विसरला.

आईच्या श्राद्धाला तो कोलारला गेला. त्याच्या जागी बदलीवर आलेले नरसिंहराव नियमाचे पक्के. तो परत आल्यावर त्यांनी प्रेमाने सांगितलं, "हयवदनअण्णा, त्या खराब रिळात जोड फार होते बघा. तरी भागवलं मी."

त्यावर आता भातावरचे किडे मारण्याच्या औषधाचं भाषण होतं.

हयवदनने चहा मागवला आणि तो नरसिंहरावांना दिला. मूळ ध्वनी कापूनच रचना केलेली, त्यामुळे दुसरी प्रत नव्हती. संध्याकाळी यंत्र उचलून तो पुन्हा माळावर गेला. तिथे घरांचे पाये खणले होते. खडीच्या ढिगाआड एकच किडा किरकिरत होता. तोही हयवदनने यंत्र सुरू करताच गप्प झाला.

महिन्याने साहेबांनी बोलावलं. एका गावाहून पत्र आलं होतं. औषधाचं भाषण संपल्यावर कर्ण्यातून किडे ओरडले, सबब औषध निरुपयोगी आहे असं ठरवून गावाने ते परत पाठवलं होतं. भाषण रचनेपेक्षा आखूड होतं. रचनेचं शेवटचं अर्धं मिनिट टेपवर तसंच राहिलं होतं.

"स्वतःच्या हाताने पुसा," साहेब म्हणाले.

गाडीचा चालक यल्लाप्पा बाहेर भेटला. हयवदनने त्याला हळूच विचारलं, लोक काय म्हणाले?

"हसले की अण्णा. पोरं तर लोळली."

"आणि कुणी नीट ऐकलं का?"

यल्लाप्पाने जरा आठवून पाहिलं. "कर्णा उतरवायची घाई होती. स्वल्प उशीर झालेला."

हयवदन आत आला. ते अर्धं मिनिट त्याने एकदा ऐकलं. घंटा वाजायला लागते तिथेच टेप संपत होती. मग त्याने ते पुसलं, नीट पुसलं गेलं का हे सवयीने दोनदा तपासलं, आणि डब्यावरचं "खराब" खोडून लिहिलं: "चांगले".