चिंगीच्या जखमेवरचा पाला

"आधी माझ्या चिंगीला बघा, मग याला पोलिसात द्या!" असं ओरडतच अलका क्लिनिकात शिरली. पदरात गुंडाळलेली तिची तपकिरी कुत्री थरथरत होती. आणि ज्याला पोलिसात द्यायचं तो किसन टेम्पोची किल्ली हातात घेऊन तिच्या मागेच उभा.

दिंडोरी रोडला जनावरांच्या डॉक्टर मॅडमकडे मी ड्रेसर आहे. झाडायला-पुसायला आले होते, बघत बघत शिकले. जनावर धरायचं, जखमेभोवतीचे केस काढायचे, जखम धुवायची, हे माझं काम. माणसंही धरावी लागतात, आणि तेच जास्त जड जातं बघा.

अलकाचं आणि किसनचं शेत बांधाला बांध लागून. दोघांचाही झेंडू. दसऱ्याच्या तोंडावर उभ्या शेतातून फुलं चोरीला जातात, म्हणून किसननं आपला टायगर राखणीला मोकळा सोडलेला. सकाळी अलका फुलं तोडत होती, तेव्हा टायगरनं बांध ओलांडून चिंगीचा पुढचा पाय खांद्यापासून धरला. आता तिला आणायचं कशात? दोघांची फुलं किसनच्याच टेम्पोतून बाजारात जातात. म्हणजे चिंगी, अलका, फुलांचे क्रेट आणि गुन्हेगाराचा मालक, सगळे एकाच गाडीत आले.

"माझ्या टायगरनं नाय चावलं," किसन म्हणाला. "मोकाट कुत्रं असंल."

"मोकाट कुत्र्याच्या गळ्यात लाल पट्टा असतो काय रं?"

"मावशी, मला जाऊ द्या. उद्या दसरा हाय. परवा झेंडूला कुत्रं तरी इचारतंय का?"

"आत्ता कुत्र्याचंच चाललंय," मी म्हटलं. "किल्ली ठेव टेबलावर. टायगरला रेबीजचं इंजेक्शन दिलंय का?"

तो खाली बघायला लागला. मी काय समजायचं ते समजले.

चिंगीला टेबलावर घेतलं. कुत्र्याचा चावा फसवा असतो. वरून दोन-चार भोकं दिसतात, पण आत कातडं मांसापासून सुटून पिशवीसारखं झालेलं असतं. अशी जखम घाईनं घट्ट शिवली तर आत पू साठतो. म्हणून केस काढून आधी नीट बघावं लागतं. पण बघणार काय? सगळ्या जखमेत हिरवा चोथा भरलेला.

"झेंडूचा पाला चुरगाळून भरला," अलका म्हणाली. "आमी इळा लागला की त्योच लावतो. रगत लगेच थांबतं."

आम्हाला याचं नवल नव्हतं. लोक हळद लावतात, चुना लावतात, चहाची पूडसुद्धा. मी केस काढायचं मशीन सुरू केलं आणि चिंगीच्या तोंडातून लाळ गळायला लागली. साधी नाही, तारा लोंबत होत्या. अंग झटके द्यायला लागलं.

किसन दारापर्यंत मागे सरला. "पिसाळली! बांधा तिला!"

बाहेर बसलेल्या लोकांनी आपापली कुत्री-मांजरं उचलली. अलका चिंगीला मिठी मारायला धावली, मी तिला दंडाला धरून ओढलं.

"सकाळी चावलं आणि आत्ता पिसाळली, असं होत नसतं," मॅडम म्हणाल्या. त्यांनी चिंगीच्या डोळ्यात टॉर्च मारला. बाहुल्या खसखशीएवढ्या झालेल्या. "हे विष वाटतंय. काय खाल्लं हिनं?"

"काय बी नाय! टेम्पोत नुसता पाय चाटत हुती."

मी हातमोजा नाकाशी नेला. हिरव्या चोथ्याला उग्र वास येत होता. मॅडमपुढे धरला. त्यांनीही मान हलवली. फवारणीचं औषध.

"अलका, पाला कुठला तोडलास?"

"बांधावरचा. हाताला आला त्यो. त्याच्याकडचा."

सगळ्यांनी किसनकडे पाहिलं.

"मी नाय फवारलं," तो म्हणाला. "तोडणीच्या तोंडावर कोण फवारील?"

बाजारात कळलं असतं, तर त्याची फुलं कुणी घेतली नसती. त्याची भीती मला कळत होती. पण चिंगीचा श्वास खरखरायला लागला होता.

"औषध कुठलं ते कळलं तर मला नेमका उपाय करता येईल," मॅडम म्हणाल्या. "अंदाजावर किती देऊ?"

अलका भांडायची थांबली. ती नुसती रडत होती. रडता रडता तिनं डोळे पुसायला हात वर नेला. हिरवा झालेला, पाला चुरगाळलेला तोच हात.

"वहिनी, हात डोळ्याला लावू नका!" किसन ओरडला. "धुवा आधी! काल सांजच्यालाच मारलंय त्याच्यावर!"

बोलून गेला आणि तसाच उभा राहिला. मग पळत जाऊन टेम्पोच्या सीटखालची बाटली घेऊन आला.

मॅडमनी लेबल वाचलं आणि त्यावरचं इंजेक्शन भरलं. मी साबणाच्या पाण्यानं चिंगीला धुतलं, जखमेतला चोथा काढला. अलकाचे हात कोपरापर्यंत धुतले. पाणी किसन ओतत होता. बाहेर उन्हात फुलं सुकत होती. त्यानं एकदाच तिकडे बघितलं.

दुपारी लाळ थांबली. बाहुल्या मोठ्या झाल्या. चिंगीनं शेपटीचं टोक हलवलं.

मॅडमनी दोघांना सुनावलं. टायगरला साखळीत बांधायचं, तो पिसाळतो का यावर काही दिवस नजर ठेवायची. चिंगीला इथे रेबीजची इंजेक्शनं. आणि अलकानं उघड्या हातानं चावलेली जखम दाबलेली, हातावर ओरखडेही होते, म्हणून तिनं लगेच सरकारी दवाखान्यात जायचं. तिथे तिला किसननंच नेलं. त्याच टेम्पोतून, सुकलेल्या फुलांसकट.

अलका पोलिसात गेली नाही. माफही केलं नाही.

नजर ठेवायचे दिवस सरल्यावर टेम्पो परत दारात आला. मागे टायगर, तोंडाला जाळी, गळ्यात साखळी. पुढे अलकाच्या मांडीवर लंगडी चिंगी. मालक एकमेकांशी बोलत नव्हते.

"मावशी, त्याला सांगा, बांधाला जाळी मार म्हणावं."

"मावशी, त्यांना सांगा, जाळी आणलीय म्हणावं."

"मावशी, त्याला सांगा, नुसती आणून काय पूजा करायचीय का तिची?"

मी मध्ये टायगरची मान धरून उभी. म्हटलं, आधी इंजेक्शन होऊ द्या रे.

तेव्हापासून चावलेलं जनावर आलं की मी कुणी चावलं ते नंतर विचारते. आधी विचारते, जखमेवर काय लावलंत, आणि ते कुणाच्या शेतातलं?